पंधरा फुटांचं घर

आमच्या घराचा मूळ नकाशा आम्ही जाळला आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. तो कागदावर नव्हता. तो पऱ्हाटीचा होता, म्हणजे कापूस वेचून संपल्यावर शेतातून उपटतात त्या वाळक्या झाडांचा; आणि पऱ्हाटी शेवटी चुलीतच जाते. नगरपालिकेच्या दप्तरात घराचा जो कागद आहे तो नंतरचा आणि माझ्या हातचा. मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून वास्तुरचना शिकणारी एक मुलगी घर बघायला हिंगणघाटला आली होती. अरुंद जागांवरची जुनी घरं हा तिच्या अभ्यासाचा विषय. हातातल्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीभिंतींवर टाकून तिने मापं घेतली, दुपारी तीन वाजता रस्त्यावर किती तापमान आहे आणि आतल्या बोळात किती, ते लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "आर्किटेक्ट कोण होते?" मी सांगितलं, माझी आई. "त्या किती शिकलेल्या होत्या?" "चौथी." मुलगी हसली नाही, चकितही झाली नाही. तिने 'चौथी' हा शब्द वहीत लिहिला. माझं आयुष्य बातमीदारीत गेलं. ऐकलेलं जसंच्या तसं लिहून घेणारी माणसं मला आवडतात. तिला अर्ध्या तासात जे सांगितलं ते इथे सविस्तर नोंदवते.

हे घर बांधण्याआधी आम्ही स्टेशनकडच्या एका भाड्याच्या घरात राहत होतो. दोन खोल्या, आणि त्यांच्यामध्ये एक झाकलेली जागा. तिला घरमालक खोली म्हणायचा आणि आई रस्ता म्हणायची. राहणारे पाच जण: बाबा, आई, मी, माझ्याहून चार वर्षांनी लहान मंदा, आणि बाबांची धाकटी बहीण कुसुमआत्या. बाबा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, कापसाची प्रत ठरवायचे. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून त्याचा तंतू किती लांब आहे ते पाहायचं, आणि एका शब्दात निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर रुई चिकटलेली असायची आणि ते पन्नाशीतच म्हातारे दिसायचे. तोंड धुतलं की पुन्हा तरुण. आत्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिचं लग्न ठरून मोडलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि मीही इथे याहून जास्त लिहीत नाही.

आत्याची लोखंडी खाट त्या मधल्या रस्त्यात होती. पहाटे नळ आला की आई कडेवर पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन तिच्या उशाजवळून जायची. जिनाचा भोंगा झाला की बाबा जायचे. मग आम्ही दोघी दात घासायला. रविवारी बाबांचे मित्र पाणी मागायचे तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा आत्याच्या अंथरुणावरून जायचा. साडी बदलायची असली की आई दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहून ओरडायची, "कोणी येजा नका गा आता!" आणि सगळं घर जागच्या जागी थांबायचं. एकदा आत्याला ताप भरला होता. तीन दिवस ती डोळे मिटून पडली होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला, डोळे न उघडता, नाव घेऊन 'ये' म्हणत होती. पावलांवरून तिला सगळे कळत होते. मी ते गमतीने आईला सांगितलं. आई हसली नाही. परातीतलं पीठ संपेपर्यंत ती भाकरी थापत राहिली.

जागा घेतली तेव्हा शेषराव मिस्त्री ती पाहायला आला. तो तळहातावर तंबाखू चोळत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. "भाऊ, हा प्लॉट नाई," तो बाबांना म्हणाला, "हा पट्टा होय." पंधरा फूट रुंद, साठ फूट लांब. उत्तरेला रस्ता. पश्चिमेला एका किराणा व्यापाऱ्याचं घर, त्याची अख्खी भिंत आमच्या हद्दीवर उभी. पूर्वेला दुसऱ्या कोणाची तरी मोकळी जागा, आज ना उद्या बांधली जाणारी. म्हणजे त्या बाजूला खिडकी ठेवून उपयोग नव्हता. मिस्त्रीचा आराखडा तयारच होता, कारण त्याला एकच आराखडा येत होता. एकामागे एक चार खोल्या आणि सगळी दारं एका रेषेत. "समोरून गोळी मारली तं मांगच्या अंगणात निंगन, इतकं सरळ घर बांधून देतो," असं तो अभिमानाने म्हणाला.

"आन् मधल्या खोलीत कोण राहीन?" आईने विचारलं.

"जे राहीन थे राहीन, वहिनीबाई."

"थे कोण, हे मले मालूम आहे," आई म्हणाली.

ओळीत बांधलेल्या घरात कोणीतरी मधे असतंच. समोरची खोली येणाऱ्या-जाणाऱ्यांची, मागची स्वयंपाकाची. मधल्या दोन खोल्यांतून घर चालत जातं. बाबांनी आळीपाळीने प्रत्येकाला प्रत्येक खोलीत घालून पाहिलं. दर वेळी कोणीतरी रस्त्यात येत होतं, आणि ते कोण हे शेवटी सगळ्यांनाच कळत होतं. तेव्हा आईने अट घातली. घराच्या बाबतीत तिची ती एकच अट होती, बाकी फरशीपासून रंगापर्यंत सगळं तिने बाबांवर सोडलं. "या घरात कोणाच्या खोलीतून कोणी जाणार नाई. आन् कुसुमच्या खोलीले दार राहीन. आतून कडीचं." आत्या तेव्हा तिथेच वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण त्या वहीवरची तिची लाल पेन्सिल थांबली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

आईचं माहेर अल्लीपूरकडचं, शेतकऱ्याचं. तिकडच्या घरात आतल्या भिंती कुडाच्या असत: पऱ्हाटी उभी ओळीत बांधायची, दोन्हीकडून शेणमातीचा हात फिरवायचा, वाळली की झाली भिंत. लग्न झालं, माणूस वाढलं की कूड चार हात सरकवायचा. घर हे हाताने सरकवता येतं, असा तिचा लहानपणापासूनचा समज होता. म्हणून मिस्त्रीशी वाद घालण्याऐवजी तिने भावाला निरोप पाठवला आणि गाडीभर पऱ्हाटी मागवली. फाल्गुन संपत आला होता, पाडव्याला भूमिपूजन ठरलं होतं. तिने मला हाताशी घेतलं आणि दोन दिवसांत त्या पट्ट्यावर पऱ्हाटीच्या आडव्या ओळी मांडून पूर्ण मापाचं घर काढलं. समोर ओटा, मग बैठक, मग आत्याची खोली, मग आमची निजायची खोली, मग स्वयंपाकघर, मागे अंगण. आणि या सगळ्यांना लागून पश्चिमेच्या कडेने समोरपासून मागेपर्यंत एक बोळ. खोल्या बारा फूट, बोळ तीन फूट. तीन फूट तिने असे ठरवले: स्वतः कडेवर भरलेला गुंड घेऊन एका टोकाने निघाली, दुसऱ्या टोकाने मला पाठवलं, आणि मधे आम्ही एकमेकींना न थांबता ओलांडलं. दोन बाया आणि एक गुंड. मी नंतर टेपने मोजलं, बरोबर तीन फूट भरले.

मग ती म्हणाली, राहून पाहू. आणि आठ दिवस, दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत, आम्ही त्या ओळींमध्ये राहिलो. नियम असा की ओळ ओलांडायची नाही. जिथे दाराची फट सोडली आहे तिथूनच जायचं. मंदा पहिल्या दिवशी अकरा वेळा भिंतीतून गेली आणि प्रत्येक वेळी तिला परत पाठवण्यात आलं. आईने तीन विटांची चूल मांडून स्वयंपाकघराच्या चौकोनात गोळाभात केला. बेसनाचे गोळे भातातून वर आले की त्यांवर कडकडीत तेल, हिंग-मोहरीची फोडणी, आणि तो धूर आमच्या नसलेल्या भिंतींतून सगळीकडे. धूर बैठकीकडे जातो हे पहिल्याच संध्याकाळी कळलं आणि चूल दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मोरी दोनदा हलली. रस्त्यावरून जाणारे थांबायचे. "काय गा भाऊ, हवेचं घर बांधलं का?" असं कोणी म्हटलं की बाबा सुरुवातीला मान खाली घालायचे. चौथ्या दिवशी ते कामावरून आले, ओट्याच्या जागी थांबले, चपला काढल्या, आणि हवेत बोटाने ठोकून म्हणाले, "कोणी आहे का घरात?" त्यानंतर थट्टा करणाऱ्यांना ते आत बोलावू लागले, आणि आत आलेला माणूस गंमत म्हणजे दारातूनच यायचा.

आत्या शाळेतून थेट तिथे यायची. आपल्या चौकोनात सतरंजी टाकून वह्या घेऊन बसायची. आम्ही बोळातून जायचो-यायचो. तिच्या सतरंजीवर कोणाचा पाय पडत नव्हता. एकदा मी काही विचारायला ओळीबाहेर थांबले, आणि ती वहीतून डोळे न काढता म्हणाली, "आत ये न." त्याआधी तिने मला कधी आत बोलावलं नव्हतं, कारण तिला कधी आत नव्हतंच.

या आठ दिवसांत एक शेजारीण मात्र आमच्यावर नाराज होती. किराणावाल्या शेठजींच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या पश्चिमेच्या भिंतीत होती आणि ती आमच्या जागेवर उघडायची. आमची भिंत चढली की खिडकी बुजणार, हे उघड होतं. शेठजींनी बाबांशी रामराम बंद केला होता. शेठाणी दिवसातून दोनदा त्या खिडकीतून भांड्यांचं पाणी आमच्या भावी बोळात फेकायची आणि झडप आपटून घ्यायची. आई तेवढी जागा वाळेपर्यंत पाय उचलून चालायची.

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना नगरपालिकेला द्यायचा नकाशा काढण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अकरावीत होते, माझ्याकडे आलेखाची वही होती आणि टोकदार पेन्सिल होती. आईच्या ओळी मोजून मी दुपारभर घर कागदावर उतरवलं. शेषराव मिस्त्रीने ते पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, भिंत एका रेघीनं नाई काढत. दोन रेघा काढ. भिंतीले जाडी राह्यते." मी जाडी विचारली. बाहेरच्या दोन्ही भिंती दीड विटेच्या, म्हणजे चौदा-चौदा इंच. खोल्या आणि बोळ यांच्यामधली एका विटेची, नऊ इंच. मी बेरीज केली. सदतीस इंच. पंधरा फुटांतून बारा फुटांची खोली आणि सदतीस इंच भिंत वजा केली. बोळाची रुंदी उणे एक इंच आली.

मी तीनदा मांडून पाहिलं. पुढे नोकरीत दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधणं हे माझं काम झालं, आणि ते मी चांगलं केलं असं सगळे म्हणतात. पण चूक सापडल्याचा आनंद मला कधी झाला नाही, त्याचं कारण बहुधा ही पहिली चूक. आई कुडाच्या घरात वाढली होती. तिच्या हिशोबी भिंत म्हणजे दोन बोटं. पऱ्हाटीची ओळ मांडली, तेवढीच जाडी. आणि आम्ही बाकीचे, कापसाची प्रत बोटांनी सांगणारे बाबा, भूमिती शिकवणारी आत्या, भूमिती शिकणारी मी, आठ दिवस त्या ओळींमध्ये जेवलो आणि कोणालाही भिंत दिसली नाही.

बाबा मिस्त्रीवर चिडले. "शेषराव, तू आठ दिवस पाहून राह्यला. तुले दिसलं नाई?"

"दिसलं न भाऊ. पण मले वाटलं, हे घरच्या मंडळीचं खेळणं होय. मी तं आपलं सरळच बांधणार होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पट्ट्यावर उभे होतो. मिस्त्रीने एक वाट सांगितली: खोली नऊ फुटांची करा, बोळ बसतो. आणि मग त्यानेच, प्रामाणिकपणे, पुढचंही सांगितलं. पूर्वेला खिडकी नाही, पश्चिमेला शेठजींची भिंत, तिला लागून आपली भिंत, वर छत. "बोळात अंधार आन् खोलीत बी अंधार. दिवसा लाईट लावा लागन, वहिनीबाई. कोठार होईन." आईला ते दुसरं जास्त लागलं असावं. आठ दिवस ते घर उजेडाने भरलेलं होतं. भिंतीला जाडी असते आणि भिंत उजेड अडवते, या दोन्ही गोष्टी पऱ्हाटीने आमच्यापासून लपवल्या होत्या.

आत्या म्हणाली, "वयनी, जाऊ दे. मधे मी राहीन. मले सवय आहे."

"तुले सवय आहे, थे मले मालूम आहे," आई म्हणाली. "म्हणूनच तं बांधून राह्यलो."

मग ती आत्याच्या चौकोनात जाऊन सतरंजीशिवाय, मातीवरच बसली, तोंड पश्चिमेकडे करून. बाबा मिस्त्रीशी बोलत राहिले, मी पुन्हा बेरीज करत राहिले. ऊन चढलं. वरची झडप उघडली, भांड्यांचं पाणी आलं, झडप आपटली. आई त्या ओल्या भिंतीकडे पाहत होती. थोड्या वेळाने ती उठली आणि पश्चिमेच्या कडेची पऱ्हाटीची ओळ उचलून मागच्या अंगणाकडे फेकू लागली.

"अवं, हे काय करून राह्यली?" बाबांनी विचारलं.

"भिंत काढून राह्यली."

"काऊन?"

"एक उभी आहे न तिथं!" तिने शेठजींच्या भिंतीवर थाप मारली. "हिले लागून आपण अजून एक काऊन बांधून राह्यलो? दोन भिंती एकमेकीले टेकून करतीन काय, गोष्टी? आपली भिंत खोल्यांची. बोळ बाहेर. बोळावर छत नाई, वरून मोकळा."

मंदाचं म्हणणं आहे की पहिली पऱ्हाटी तिने उचलली होती आणि आईने फक्त तिचं पाहून पुढचं केलं. आम्ही या मुद्द्यावर आजही भांडतो. दोन्ही बाजू नोंदवणं माझं कर्तव्य आहे. पण मी तिथे होते, आणि मंदा त्या वेळी चिंचा खात होती.

मिस्त्रीने तंबाखू थुंकली आणि बोटांवर मोजू लागला. आता भिंती दोनच: पूर्वेची आणि बोळाकडची. "दीड विटेच्या काढायच्या का एका?" आईने विचारलं. तो म्हणाला, एका विटेवर वरचा मजलाही चढेल, दीड विटेची आपली सवय. नऊ आणि नऊ अठरा इंच. राहिले साडेतेरा फूट. बोळ तीन, खोली साडेदहा. आणि प्रत्येक खोलीचं दार आणि खिडकी त्या उघड्या बोळावर. मिस्त्रीने पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं.

बाबांच्या शंका राहिल्या होत्या. "आन् चोर?"

"समोर फाटक, मांग भिंत. चोर का आभाळातून टपकन?"

"पावसात या खोलीतून त्या खोलीत जाताना ओलं होऊ."

"होऊ," आई म्हणाली. "वाळू."

इतक्यात वरची झडप उघडली. शेठाणीचा चेहरा दिसला. ती बहुधा सगळं ऐकत होती. "ए बाई, तुमची दिवार कुठं गेली?"

"इकडची आम्ही नाई बांधत. तुमची आहे थे चालते आम्हाले."

"मंग खिडकी?"

"खिडकी राहू द्या. फक्त भांड्याचं पाणी आमच्या डोक्यावर नका टाकजा."

शेठाणी आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अजी, सुनते हो?" आणि पाच मिनिटांनी शेठजी स्वतः, धोतर सावरत, रस्त्याने वळसा घालून आमच्या पट्ट्यावर आले. त्यांनी रिकाम्या झालेल्या कडेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बाबांना म्हणाले, "रामराम, बाबूजी." पाडव्याच्या पूजेला पहिला नारळ त्यांचा होता.

घर दिवाळीच्या आधी उभं राहिलं. मी ते जसं आहे तसं लिहिते, कारण चांगल्या घराबद्दल बोलताना माणसं त्याचे दोष विसरतात. पावसाळ्यात आम्ही ओले झालो. ताटं पदराखाली धरून स्वयंपाकघरातून बैठकीत न्यावी लागत. पुढे बाबांनी दारांवर हातभर पत्र्याचं छप्पर काढलं, तरी वाऱ्याचा पाऊस आत यायचाच. शेठजींच्या घरातली भांडणं आम्हाला ऐकू यायची आणि आमची त्यांना. पण पूर्वेची जागा दोन वर्षांत बांधली गेली आणि त्या घराने आमच्या भिंतीला भिंत लावली, तेव्हा शेजारपाजारच्या लोकांना कळलं की हिंगणघाटच्या त्या ओळीत दिवसा दिवा न लावता वाचता येईल असं मधलं घर एकच आहे. दुपारी सूर्य कलला की शेठजींच्या उंच भिंतीची सावली बोळात पडते आणि बोळ गार होतो. मे महिन्यातल्या दुपारी, रस्त्यावरचं डांबर मऊ होतं तेव्हा, आमच्या बोळात बाया तूर निवडत बसायच्या, आमच्या आणि शेठाणीकडच्याही. शेषराव मिस्त्रीने त्यानंतर अरुंद पट्ट्यांवर अशी बरीच घरं बांधली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ही आपली पद्धत म्हणून सांगायचा. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "सांगू दे. बांधून तं राह्यला न." मी मात्र माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याच्याकडे गेले आणि त्याला सांगितलं की ही पद्धत कोणाची आहे हे मला माहीत आहे. तो म्हणाला, "मले बी मालूम आहे, पोरी. पण बाईचं नाव सांगितलं तं लोक बांधत नाई." हे वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. ते खरं होतं आणि म्हणूनच मला आजही त्याचा राग येतो.

वास्तुशांतीचा दिवस सांगायचा राहिला. पुरणपोळ्या झाल्या, माणसं जेवून गेली, शेठाणीने खिडकीतून रव्याच्या लाडवांचा डबा खाली सोडला. दुपारचे चार वाजले असतील. बोळात सावली आली होती. आत्या बराच वेळ भांडी पुसत होती; मग तिने हात कोरडे केले, आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मंदाची रिबीन आत राहिली होती, ती दार वाजवायला धावली. आईने तिला वेणीला धरून मागे ओढलं. बाबा ओट्यावरून उठून आले. आम्ही चौघं त्या तीन फुटांत एकामागे एक उभे राहिलो. वरून शेठाणीने वाकून विचारलं, "क्या हुआ?" आणि आईने ओठांवर बोट ठेवलं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, रडणं नाही, खाटेची करकर नाही. अर्धा तास झाला असावा. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, एवढी एक नोंद माझ्याकडून राहिली.

मग कडी निघाली. आत्या दारात आली. केस विंचरलेले, साडी बदललेली.

"काऊन उभे आहात सगळे?" तिने विचारलं.

"काई नाई," आई म्हणाली. "दार बसते का नाई, थे पाहून राह्यलो."

आत्याने दार पुन्हा ओढून घेतलं आणि उघडलं. "बसते," ती म्हणाली. "खालून थोडं घासते."

"नवं लाकूड होय, फुगलं असन," बाबा घाईने म्हणाले. "उद्या सुताराले बोलावतो. रंधा मारून देईन."

"नको, दादा," आत्या म्हणाली. "असू दे तसंच. घासलं म्हणजे समजते, दार लागलं म्हणून."